शेवटचं मशीन रिकामं होईना

ऑफिसात तिच्या समोरच्या टेबलावर कुणी बसत नसे. तिथे खिडकीतून पाणी गळायचं, आणि तीही फारशी बोलायची नाही. त्या दिवशी एक अनोळखी माणूस ओली छत्री घेऊन थेट तिथेच येऊन टेकला.

"इथे कुणी बसतं का?"

"गळतं तिथे."

"मग गळकी जागाच बरी. मी काय, पाहुणाच..."

ऑफिसने त्याला एकाच कामासाठी बोलावलं होतं. क्लाउडमधली, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायची त्यांची सगळी मशीनं ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत, ती आता मोडीत निघाली होती. महिनाअखेरीनंतर तिची दुरुस्ती कुणी करणार नव्हतं. एकेक मशीन रिकामं करायचं, त्यावरची कामं नव्या मशीनवर जाऊ द्यायची, जुनं बंद करायचं. कामं नीट चालताहेत ना, हे बघणं तिच्याकडे होतं; स्क्रीनवर नजर ठेवून ती "हं" म्हणे, मगच तो पुढे सरके. सगळे त्याला पाहुणाच म्हणू लागले. काम संपलं की तो दुसऱ्या गावी जाणार होता.

"तुमचं 'हं' फार महाग आहे हो."

"घाई असेल तर दुसरं कुणी बघा."

"घाई कुणाला आहे?"

हसू लपवायला ती चहाचा कप तोंडाशी नेई... रिकामा असला तरी.

घरी मात्र कुलूप उघडल्याचा आवाजही मोठा वाटे. धुवायला एकच ताट. ताई फोनवर विचारी, "बोलायला कुणी आहे का गं तिथे?" "आहे की," असं ती आता म्हणू लागली होती, आणि फोन ठेवल्यावर घाबरायची — किती दिवस?

शेवटचं मशीन रिकामं होईना. नव्या ग्राहकांना स्वागताचा निरोप पाठवणारं एक छोटंसं काम अडून बसलं होतं. तो डोकं खाजवत राहिला. तिला कारण ठाऊक होतं. तिनेच कधीतरी नियम घातला होता, की या कामाची एक तरी कॉपी सतत चालू राहिली पाहिजे. आणि कॉपी होतीच एक! ती हलवली तर नियम मोडणार, म्हणून सिस्टिम तिला हलूच देत नव्हती. आधी नव्या मशीनवर दुसरी कॉपी उभी केली की पहिली मोकळी.

पण तिने हे त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहुणेबुवा, जमत नसेल तर सांगा. दुसरा माणूस आणतो."

त्याची खाली गेलेली मान तिला बघवेना. साहेब वळताच ती म्हणाली, "दुसरी कॉपी उभी करा. नियम माझा आहे. मला... आधीपासून माहीत होतं."

तो चिडला नाही. खिडकीकडे बघत राहिला.

"तो नियम मला पहिल्याच संध्याकाळी दिसला. खाली तुमचं नाव होतं."

"मग साहेबांचं का ऐकून घेतलंत?"

"थोडे दिवस जास्त मिळाले की."

तिचे कान तापले. मशीन मात्र चहा निवायच्या आत रिकामं झालं.

त्याला सोडायला ती बसपर्यंत गेली. वाटभर बोलत होती. इतकी, की तिचं तिलाच नवल वाटलं. तो चढला, खिडकीशी बसला. काच अर्धी उघडी होती.

"मला करमणार नाही," ती म्हणाली. "गाडी सुटायच्या आत उतरलात तरी चालेल."

तो हसला. उतरला नाही, पोटाचा प्रश्न होता. पण बस हलताना खिडकीतून वाकून ओरडला, "रविवारी येतो! मलाही नाही करमायचं!"

रस्ता एकदम रिकामा झाला. तिने फोन काढला.

"ताई, मला एक माणूस आवडलाय."

ताई म्हणाली, "थांब, गॅस बंद करते. आता सांग सगळं... पहिल्यापासून."