चौथ्या घंटेची जागा

बर्चकोम गावच्या चर्चमध्ये घंटा सहा होत्या, पण वाजायच्या पाचच. चौथीची पाळी आली की वाजवणारे तेवढा वेळ गप्प थांबत आणि मग पाचवीचा दोर ओढत. ती वाजवणारा सायलस पहिल्या महायुद्धावर गेला होता; तो परतेपर्यंत त्याची घंटा कुणी वाजवायची नाही, असं त्याच्या सोबत्यांनी ठरवलं होतं. तिच्या आत आपटून नाद काढणारा लोखंडी लोलकही त्यांनी काढून ठेवला. सायलस आला नाही. सोबतीही एकेक करून गेले. लोलक मात्र मनोऱ्याच्या दाराला टेकण म्हणून राहिला. सायलसला यायला उशीर झालाच, तर दार उघडं मिळावं म्हणून.

कॅनडात शिकून परतलेल्या वेरिटीला हे मुळीच पटत नव्हतं. गाव जिवंत ठेवायचं, तर मेलेल्यांसाठी जागा अडवून कसं चालेल? त्यात त्या रविवारी तिचे बाबा शेवटचं वाजवणार होते. त्यांचे हात थरथरायला लागले होते. सहाही घंटा एकत्र वाजताना त्यांनी जन्मात ऐकल्या नव्हत्या. त्या त्यांना ऐकवायच्याच, असं तिनं मनाशी घेतलं होतं. शनिवारी लोलक बसवून टाक, असं तिनं डिग्बी लोहाराला गुपचूप सांगून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी ती घाईघाईनं जिना चढली. दाराकडे पाहायचं सुचलंच नाही. वर जाऊन तिनं थेट चौथा दोर धरला.

“अगं ए शहाणे, सोड तो!” शेजारचा दोर धरून उभ्या असलेल्या मॉडकाकू खेकसल्या.

“काकू, शंभर वर्षं वाट पाहिलीत. चहा गार झाला असेल त्याचा.”

“तोंड आवर!”

“आजचा दिवस, बाबा,” वेरिटी म्हणाली. “तुमच्यासाठी.”

बाबांनी आपला दोर हातात घेतला. “बरं... पण त्याला विचारून.”

भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता. गारठा हाडांत शिरत होता. दोराची लोकरीची मूठ मात्र कोमट होती, नुकतीच कुणी हातातून सोडावी तशी...

वेरिटीला जोर लावावाच लागला नाही. तिसरीच्या मागोमाग चौथी वाजली. खोल, भरदार. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात जराही थरथरत नव्हते.

सगळे खाली उतरले, तर दारात डिग्बी हत्यारांची पेटी घेऊन उभा.

“माफ कर गं. काल गाडीच बंद पडली. आत्ता बसवतो लोलक.”

“थट्टा करतोस?”

“थट्टा कसली? हा काय इथंच आहे.”

गंजलेला लोलक दाराला टेकून पडला होता.

वेरिटीनं वाकून त्या लोखंडावर तळवा ठेवला. ते आतून बारीक झणझणत होतं... टोल पडून गेल्यावर घंटा झणझणत राहते तसं.

“दार लावू का, बाबा?” तिनं विचारलं.

बाबांनी एकदा जिन्याकडे पाहिलं.

“राहू दे उघडं,” ते शांतपणे म्हणाले. “अजून उतरला नाही तो.”