कोपनहेगनला हरवलेली नथ

"आळ माझ्या बहिणीवर आलाय," खुर्चीत टेकता टेकता मैथिली म्हणाली, "आणि घेणारा माझा नवराच आहे."

आलं किसता किसता आत्मारामांचा हात थांबला. सत्तरीचे आत्माराम पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर हॅम्बर्गला मुलाकडे आले होते. मुलगा दिवसभर कामावर, घरात भिंतींशी बोलायचं तरी किती, म्हणून ते सुनेच्या ऑफिसात येऊन बसत. सून सुलेखा खाजगी गुप्तहेर. आल्टोना भागातलं तिचं एका खोलीचं ऑफिस बहुतेक विम्याच्या खोट्या दाव्यांवर चालत असे. तिथे आत्मारामांनी आपण होऊन दोन कामं अंगावर घेतली होती, चहा करणं आणि मत देणं. चहा उत्तम होई.

मैथिलीला सातवा महिना होता. येत्या रविवारी डोहाळजेवण. सासरे हयात नव्हते. डोहाळजेवणासाठी तिच्या सासूबाई, विभावरी, पुण्याहून आल्या होत्या आणि येताना आपली नथ घेऊन आल्या होत्या. बसऱ्याच्या मोत्यांची, जुन्या घडणीची, टोचलेल्या नाकातच बसेल अशी तारेची. मैथिलीचं नाक टोचलेलं नाही, म्हणून ती पुढे मोडून चापाची करायची ठरली होती.

त्याआधी सासूबाईंना जरा युरोप दाखवावा म्हणून चौघं जण शनिवार-रविवार गाडीने कोपनहेगनला गेली. मैथिली, तिचा नवरा निहार, विभावरी आणि बर्लिनला शिकणारी मैथिलीची धाकटी बहीण उर्जा. बंद घरात सोनं कोण ठेवतं, म्हणून नथ डबीत घालून विभावरींच्या पर्समध्ये बरोबर नेली होती.

शनिवारी दिवसभर भटकंती झाली. कालव्याकाठची रंगीत घरं झाली, राजवाडा झाला, जलपरीचा पुतळा झाला. तो बघून विभावरींनी "एवढीशीच?" असं विचारलं होतं. संध्याकाळी निहार आणि मैथिली जॅझ ऐकायला गेली, उर्जा मैत्रिणींबरोबर क्लबात नाचायला. डोकं दुखतंय म्हणून विभावरी हॉटेलवरच थांबल्या. त्यांची आणि उर्जाची खोली एकच होती. हॅम्बर्गला परतल्यावर निहारने डबी उघडली, तर ती रिकामी.

निहारने सरळ हिशेब केला. खोलीत दोघीच होत्या, त्यातली एक मालकीण. त्याने उर्जाला फोन करून सांगितलं की डोहाळजेवणाला येऊ नकोस.

"आईबाबा गेल्यावर मी वाढवलंय तिला," मैथिली म्हणाली. "ती नसेल तर मी झोपाळ्यावर बसणार नाही. आणि ती चोर ठरली, तर पुढे या घरात मी कशी राहू, सांगा."

सासूबाई काय म्हणतात, असं सुलेखाने विचारलं. त्या म्हणतात उर्जाने घेतलेली नाही, मैथिलीने सांगितलं. शोधत बसू नका, नशिबात नव्हती समजा, असंही म्हणतात. मन मोठं आहे त्यांचं.

सुलेखाने तिथल्या तिथे कोपनहेगनच्या हॉटेलला स्पीकरवर फोन लावला. तिथल्या मुलीने काउंटरवरून चौकशी केली. वस्तू केवढी, रंग कसला, सामानात होती की बाईंच्या अंगावर? आत्मारामांना एवढं इंग्रजी येत होतं. "सामानात, सामानात," ते परस्पर बोलून मोकळे झाले. "विधवा बाई आहे, अंगावर कुठली असणार." हॉटेलात काही सापडलं नव्हतं.

दुपारी दोघं मैथिलीच्या घरी गेली. निहार माणूस वाईट नव्हता, हे आत्मारामांना बघताक्षणी पटलं. नथेपेक्षा आईच्या मनाला लागलं असेल, याचाच त्याला त्रास होत होता. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून आईने साधा गजरासुद्धा माळला नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. त्या संध्याकाळचं विचारल्यावर म्हणाला, अचानक पाऊस आला, मैथिली भिजायला नको म्हणून कार्यक्रम अर्ध्यावर सोडून निघालो. हॉटेलजवळच्या पुलावर वाऱ्याने छत्री उलटी झाली. आईचं दार वाजवलं, तर तिने आतूनच सांगितलं, झोपलेय रे, उद्या बोलू.

विभावरी आतल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. नाकाला रुमाल, रुमालावर हळदीचा डाग. तिकडच्या वाऱ्याने सर्दी झालीय, म्हणाल्या. आवाज मात्र स्वच्छ होता. डबी पर्समध्ये होती, शेजारी पाटल्या होत्या. पाटल्या शाबूत आहेत, डबीही जागच्या जागी बंद होती.

"मग उर्जाने घेतली नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता, काकू?" सुलेखाने विचारलं.

"पोरगी तशी नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मग एकदम मान वळवून त्यांनी हाक मारली, "मैथिली, दूध लागलं बघ खाली."

मैथिली धावली. स्वयंपाकघर पार पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला होतं. आत्मारामांना तोवर काही कळलंही नव्हतं. मुरलेली गृहिणी, असं त्यांनी मनातल्या मनात कौतुक केलं.

उर्जाशी व्हिडिओवर बोलणं झालं. रडून डोळे सुजलेले, पण जिभेची धार शाबूत. चोरच असते तर पाटल्या सोडल्या असत्या का, असं तिनेच उलट विचारलं. क्लबला जाताना तू काय घातलं होतंस, हा सुलेखाचा प्रश्न तिला अगदीच फालतू वाटला. जॅकेट. बाहेर पडताना छान ऊन होतं, मफलर खोलीतच टाकला, नाचायला मफलर कोण नेतं? मग पाऊस आला आणि येताना चिंब भिजले.

"आल्यावर मफलर कुठे होता?"

"हीटरवर वाळत होता. काकूंनी धुतला असणार, त्यांना काही मळकं दिसलं की राहवत नाही. सकाळी बॅगेत कोंबला, अजून तिथेच आहे."

"रविवारी ये. निहारशी मी बोलते," सुलेखा म्हणाली. "मफलर आहे तसा आण. झटकू नकोस, धुऊ नकोस."

परतीच्या एस-बान लोकलमध्ये आत्मारामांनी आपलं मत दिलं. कुणी मागितलं नव्हतं, पण दिलं. मुलगी तोंडाने फटकळ, परक्या गावात नाचायला जाते, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. वाईट वाटतं, पण तिनेच घेतली.

"बाबा, मीपण जायचे की नाचायला," सुलेखा म्हणाली.

रविवारी पाहुणे यायच्या आधी सगळे दिवाणखान्यात जमले. झोपाळा सजला होता, मैथिलीचे फुलांचे दागिने आणि बायकांसाठी केलेले गजरे फ्रिजमध्ये होते. निहारने उर्जाकडे एकदाही बघितलं नाही. सुलेखाने मफलर मागितला आणि टेबलावर पसरला. जाड निळ्या लोकरीचा, टोकाला लांब गोंड्यांची दाट झालर. ती एकेक गोंडा बोटांनी उलगडत गेली. कोपऱ्यातल्या गोंड्यात मोती चमकला.

निहार उठून उभा राहिला. "आल्झो, झालं तर मग," तो म्हणाला, "अजून काय बघायचं राहिलं?"

उर्जाचं तोंड पांढरंफटक पडलं. आपलं मत खरं ठरलं याचा आत्मारामांना आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही.

"खाली बस, निहार," सुलेखा शांतपणे म्हणाली. "चोराने स्वतःच्या हाताने बर्लिनहून चोरीचा माल आणून दिला असता का? तिला हे माहीतच नव्हतं. आता तार बघ. लपवून ठेवलेली नथ अशी दिसत नाही. अडकवायचा फासा उघडलाय, तार ताणून वाकलीय, लोकर तिच्यात पिळून बसलीय. ही नथ ओढली गेलीय, कुणाच्या तरी नाकात असताना."

निहार खुर्चीत टेकला.

"उर्जाचं नाक टोचलेलं नाही, मैथिलीचंही नाही. उर्जा गेली तेव्हा ऊन होतं, मफलर खोलीत होता. ती आली तेव्हा तो हीटरवर वाळत होता. मधे पाऊस पडला. म्हणजे तिच्यामागे मफलर कुणाच्या तरी गळ्यात बाहेर जाऊन भिजून आला. आणि रिकामी डबी बंद करून पुन्हा पाटल्यांशेजारी ठेवायला कुठल्या चोराला वेळ असतो?"

तिने नथ हलकेच सोडवून मफलरवर ठेवली.

"हॉटेलातल्या मुलीने फोनवर विचारलं होतं, अंगावर होती का. तिला जे सहज सुचलं, ते आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलाही लगेच नाही सुचलं. आपण सगळ्यांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. इथून पुढचं सांगायचा हक्क माझा नाही."

विभावरींचा रुमाल पुन्हा नाकाकडे गेला.

"काकू," सुलेखा अगदी हळू म्हणाली, "सर्दी झालेल्या माणसाला पॅसेजपलीकडचं दूध लागल्याचा वास येत नाही."

विभावरींनी रुमाल खाली घेतला. डावी नाकपुडी सुजून लाल झाली होती, वर हळद लावलेली होती.

"दुपारी कालव्याकाठी माझ्या वयाच्या बायका बघितल्या," त्या म्हणाल्या. "ओठ रंगवून बॅण्डवर नाचत होत्या. कुणी त्यांच्याकडे वळून बघत नव्हतं. मला वाटलं, इथे मला कोण ओळखतंय? एकदा घालून बघू. भोक बुजत आलं होतं, रेटून घातली. मग खोलीत बसवेना. खूप हिंडले रे, निहार. एका म्हातारीने हात धरून मला दोन गिरक्या घ्यायला लावल्या. फार बरं वाटलं. मग पाऊस आला आणि पुलावर तुझी छत्री दिसली. मफलर तोंडावर ओढला आणि पळत सुटले. खोलीत येऊन बघते तर नाकात नथ नाही. वाटलं, कालव्यात गेली."

त्या उर्जाकडे वळल्या. "रोज ठरवायचे, आज सांगते. याचं तोंड बघितलं की जीभ उचलायची नाही. तुझ्यावर बालंट आलं ते माझ्या भित्रेपणामुळे. मला माफ कर गं पोरी."

उर्जा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"मला का नाही सांगितलंस, आई?" निहारने विचारलं.

"कसं सांगणार? तू सगळ्यांना सांगत असतोस ना, आईने गजरासुद्धा माळला नाही म्हणून."

निहारने मान खाली घातली. आत्माराम आपल्या हातांकडे बघत होते. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. पण केस काळे करणं त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलंही नव्हतं.

मग निहारने उर्जापाशी येऊन चुकलो म्हणून सांगितलं, कसलीही सबब न देता. नथ मोडून चापाची करायची नाही, हे मैथिलीने परस्पर जाहीर केलं. जिची आहे तिचं नाक बरं होऊ दे, मग बघू, म्हणाली.

निहार स्वयंपाकघरात गेला. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात थंडगार गजरा होता. तो आईच्या मागे जाऊन उभा राहिला, पण गजरा कुठे आणि कसा खोचतात हे काही त्याला कळेना. उर्जाने त्याच्या हातातून तो घेतला, स्वतःच्या केसातली पिन काढली आणि काकूंच्या अंबाड्याभोवती गजरा गुंडाळायला लागली.

विभावरींनी डोळे पुसले.

"घट्ट खोच गं," त्या म्हणाल्या, "हा तरी पडायला नको."