अनुभव : पाच वर्षं

कामगारांची भरती करणारे पर्सोनेल ऑफिसर वसंत बॉयलर हाउसमध्ये पालथे पडले होते. डोकं मागून फुटलं होतं. गाल तापलेल्या पाइपाला चिकटला होता आणि कातडी जळल्याचा वास दारापर्यंत येत होता. टेलिफोन ऑपरेटर उषा त्यांना शोधत आली आणि उंबऱ्यावरच ओकली.

मसाटच्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात फौजदार विश्वनाथ तांडेल पोचले, तेव्हा सकाळची पाळी बाहेर खोळंबली होती. प्रेताशेजारी रक्ताने माखलेला जड पाइप-पाना पडला होता. वसंतच्या नखांत रक्त आणि कातडीची सालपटं अडकली होती. मरण्याआधी ते झुंजले होते.

"कुणाशी वैर?"

कामगारांनी एकच नाव घेतलं : त्यांच्यातलाच झुंबर. त्याचा धाकटा भाऊ संजू गेल्या आठवड्यात इथेच वाफेने भाजून मेला होता.

झुंबरला समोर आणलं.

"वसंतना धमकी दिलीस?"

"दिली ना साहेब. डोकं फोडीन म्हटलं. संजूला कामावर यांनीच लावलं. मेल्यावर घरी फिरकले बी नाही."

"आज सकाळी आत गेला होतास?"

"नाही. गेटवर बसेल होतो."

तांडेलनी त्याला चहा दिला. झुंबरच्या दोन्ही हातांना बोटांपासून मनगटापर्यंत पट्ट्या होत्या. भावाला ओढून काढताना तोही भाजला होता. ग्लास त्याच्या हातात ठरेना. शेवटी हवालदाराने तो त्याच्या तोंडाला लावला.

मग बॉयलर इंजिनियर निलेश आला. उकाड्याने सगळे बनियनवर होते. याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद.

"संजू कसा मेला?"

"लाइनीत वाफ असताना त्याने नट सोडले. अडाणीपणा, दुसरं काय!"

"तुम्ही इथे कधीपासून?"

"सहा महिने. त्याआधी भिवंडीच्या गिरणीत बॉयलरवर पाच वर्षं. पंच्याऐंशी ते नव्वद. बायोडेट्यात सगळं आहे."

तांडेलनी मान डोलावली आणि उषाला गाठलं.

"काल वसंतनी काही वेगळं केलं?"

"संध्याकाळी भिवंडीचा कॉल जोडून मागितला. माझ्या कानावर इतकंच आलं : 'बंद? कधीपासून?' मग बराच वेळ डोकं धरून बसले होते."

तांडेलनी उषाला भिवंडी पोलीस ठाण्याचा नंबर लावायला सांगितलं. बोलणं उरकून ते बॉयलर हाउसच्या दाराशी परतले. निलेश आणि झुंबर दोघेही तिथेच होते.

"निलेश, त्या गिरणीची चिमणी कोसळली, तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो तर! भयंकर प्रकार. वाफ मीच बंद केली, म्हणून माणसं वाचली."

"कुठलं साल?"

"एकोणनव्वद."

"बाह्या वर करा."

निलेशने हात पाठीमागे घेतले.

"चिमणी अजून उभी आहे," तांडेल म्हणाले. "कोसळली हे मी रचलं. गिरणीला सत्त्याऐंशीपासून टाळं आहे. तिथल्या ठाण्याने सांगितलं. ज्या माणसाने तिथे काम केलं, तो म्हणाला असता, कसली चिमणी? तुम्ही तर माणसंही वाचवलीत!"

"बायोडेट्यात सगळेच वाढवून लिहितात, साहेब. म्हणून मी खुनी?"

"नट संजूने आपणहून सोडले नाहीत. तुम्ही सोडायला लावले, कारण लाइन थंड झाली की नाही हे तुम्हाला ओळखता येत नव्हतं. वसंतनी तुम्हाला चौकशी न करता घेतलं होतं. संजू गेल्यावर त्यांना शंका आली, काल त्यांनी फोन केला. आज सकाळी ते तुम्हाला जाब विचारायला आले. पाना झुंबरला उचलणं शक्य नाही, त्याला चहाचा ग्लास धरता येत नाही. वसंतनी मारणाऱ्याला ओरबाडलंय. दाखवा हात."

निलेशने भिंतीशी टेकलेलं कोळशाचं फावडं उचलून फिरवलं. ते तांडेलच्या खांद्यात बसलं, सदरा फाटला, रक्त आलं. दुसरा वार बसायच्या आत हवालदाराची काठी त्याच्या गुडघ्यावर कडाडली. तो कोसळला. बाही फाडली, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत ताजे ओरखडे होते.

"शिकलो असतो मी!" तो किंचाळला. "अजून सहा महिने मिळाले असते तर शिकलो असतो! वसंतला म्हटलं, गप्प बस. तर म्हणाला, आधी संजूच्या भावाला सांगतो, मग शेठना!"

झुंबर त्याच्यावर धावला. पट्ट्यांतल्या मुठींनीच तोंडावर मारत सुटला. पट्ट्या लाल झाल्या. तिघांनी मिळून त्याला ओढून काढलं.

"मला सांगणार होते?" धापा टाकत त्याने विचारलं. "वसंतसाहेब?"

"हो," तांडेल म्हणाले.

प्रेत न्यायला गाडी आली. वसंतची बायको माहेरी, खेडला होती. सोबत जायला आपलं माणूस कुणी नव्हतं.

"मी बसतो त्यांच्याजवळ," झुंबर म्हणाला.

हातांनी धरून चढता येईना, म्हणून हवालदाराने त्याला कमरेला धरून वर घेतलं.