बारावं बटण

दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, गळ्यात टेप होती आणि कडेवर एक रडणारी मुलगी होती. त्यामुळे पहिल्या भेटीत तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. बोलणार कसा?

"मी बालवर्गाची बाई," ती म्हणाली. "हीटर जळालाय, वर्ग महिनाभर बंद. तोवर मीच खेळ घेऊन घरोघरी फिरते. पिशवी कुणाकडे देऊ?"

"म्म," तो म्हणाला.

"आणि मूल कडेवर असताना तोंडात टाचण्या धरायच्या नसतात."

"म्म," तो पुन्हा म्हणाला आणि ओशाळून एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचू लागला. कडेवरची मुलगी रडायची थांबली. मामाला कुणी रागावतंय हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

तो शिंपी होता, कोट शिवणारा. थोरल्या बहिणीला दुसऱ्या बाळंतपणाआधी डॉक्टरांनी दवाखान्यातच झोपवून ठेवलं होतं. भावोजी दवाखाना आणि नोकरी यांच्यामध्ये धावत होते. मग शिलाईचं मशीन उचलून हा बहिणीच्या घरी राहायला आला, अडीच वर्षांच्या पिटुकलीला सांभाळायला. कोटाची बाही तो डोळे मिटून लावायचा, पण पिटुकलीच्या बाहीत पिटुकलीचा हात घालताना त्याला घाम फुटायचा.

बाईंना त्या दिवशी आणखी सात घरं गाठायची होती. पाच मिनिटं थांबते म्हणून ती आत आली आणि तासाभरानं बाहेर पडली. काय करणार... पिशवीतला कापूस ताटात पसरून त्यात चमचे लपवायचे होते, मोज्यांचे गोळे करून कपड्यांच्या टोपलीत फेकायचे होते, आणि मामाचा एकही गोळा टोपलीत पडत नव्हता.

"नेम धरा जरा," ती म्हणाली.

"धरलाय. टोपलीच सरकते."

पिटुकली खदाखदा हसली. आई दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यानं नंतर सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी जाणं भागच होतं... निदान बाईंनी स्वतःची समजूत तरी तशीच घातली. इतर घरी आठवड्यातून एकदा पिशवी जायची, या घरी एक दिवसाआड. मार्गावरच पडतं, असं ती म्हणायची. ते घर तिच्या कुठल्याच मार्गावर नव्हतं.

बाईंचे दोन नियम होते आणि त्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. एक, पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या हातात द्यायची नाही, कारण ती घशातूनही जाते. ती नळी कायम तिच्या पिशवीत असायची. दुसरा नियम, खेळाआधी सगळं मोजायचं आणि खेळानंतरही मोजायचं. एकोणीस घरच्या आयांनी डोळे मिटून विश्वास टाकला होता, तो या दोन नियमांवर.

"तुम्ही मला मामा म्हणू नका बुवा," एकदा तो म्हणाला.

"का? पिटुकली म्हणते की."

"तिचा आहे मी मामा. तुमचा कशाला होऊ?"

बाईंनी मान खाली घालून कणीक मळायला घेतली. मुलांना खेळायची कणीक इतकी मळावी लागत नाही, पण त्या दिवशी तिनं बरीच मळली.

त्याची एक खोड तिच्या ध्यानात आली होती. तो बोलत असला, विचारात असला, की हात आपले आपण शिवत बसायचे. एकदा गप्पांच्या नादात त्यानं तिच्या पिशवीचा उसवलेला बंद शिवून टाकला आणि निघताना तिलाच विचारलं, "अरे वा, बंद कुणाकडून शिवून घेतलात?" ती इतकी हसली की तिला जिन्यात बसावं लागलं.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी ती आली, कोट खुंटीला अडकवला आणि पिटुकलीला घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिनं आदल्या रात्री वाडग्यात पाणी, वाळकी पानं आणि लाल फळं घालून गोठवून आणलं होतं. त्या बर्फाच्या गोळ्यावर पिटुकली पळीनं कोमट पाणी सोडायची आणि आतलं पान सुटं होताना पाहून टाळ्या पिटायची. खिडकीच्या काचा वाफेनं धुरकटल्या होत्या. बाहेरच्या खोलीत त्याचा फोन वाजला. बहिणीचा होता; तीन दिवसांपूर्वीच ती बाळंत झाली होती.

"शनिवारी?" त्याचा आवाज आला. "बाळ बरंय ना? ...हो हो, ये की. चांगलंच झालं." मग बराच वेळ नुसतं "हं... हं..."

चांगलंच झालं होतं. बाईंनाही आनंद व्हायला हवा होता. पण सोमवारी बालवर्गाचा हीटर सुरू होणार होता आणि शनिवारी पिटुकलीची आई घरी येणार होती, म्हणजे या दारात पिशवी घेऊन यायचं काही कारणच उरणार नव्हतं. तिनं पिटुकलीला कागद चिकटवून केलेल्या, फरशीवर आडव्या ठेवलेल्या बर्फाच्या बाहुल्यापाशी बसवलं आणि उगाचच ताट विसळायला नळापाशी गेली. डोळे पुसायचे होते. दोन मिनिटं, जास्त नाही.

ती वळली तेव्हा तो पिटुकलीपुढे उकिडवा बसला होता. बर्फाच्या बाहुल्याच्या पोटावर पितळी बटणं रांगेनं मांडली होती, आणखी काही फरशीवर पसरली होती.

"बाहुल्याचा कोट उघडाच होता," तो म्हणाला. आवाजात नेहमीची गंमत नव्हती. "बिनबटणाचा कोट मला बघवत नाही."

बाईंनी एक बटण उचलून नळीत सोडलं. ते खणकन खाली पडलं.

"किती होती?"

"पट्टीवर बारा असतात." त्यानं रिकामी पट्टी दाखवली.

तिनं मोजली. अकरा. पुन्हा मोजली, गालिचा झटकला, कपाट सरकवलं, पिटुकलीच्या मुठी उघडल्या, मोजे काढले. अकराच.

"पिटुकले, बटण तोंडात घातलंस?"

"हो."

"गिळलंस?"

"हो."

"का खिडकीतून टाकलंस?"

"हो," पिटुकली समजूतदारपणे म्हणाली. ती कशालाच नाही म्हणत नसे.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाई उठली. "अहो, बघत काय बसलात? चला," ती म्हणाली. खुंटीवरून हाताला लागला तो कोट ओढला, त्यात पिटुकलीला गुंडाळलं आणि जिना उतरू लागली. कोट तिचाच होता हे तिला रस्त्यावर कळलं, ते सुद्धा मागून त्यानं स्वतःचा कोट तिच्या खांद्यांवर टाकला तेव्हा. तो नुसत्या सदऱ्यावर धावत होता. वाऱ्यानं त्याचे कान लाल झाले होते.

मुलांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "श्वास नीट आहे. पितळी आहे ना, एक्स-रेच्या फोटोत लगेच दिसेल. कोट काढून ठेवा, त्याचीही बटणं फोटोत येतील."

फोटो काढून झाला आणि पाहायला मिळेपर्यंत दोघं बाहेर बाकावर बसले. पिटुकली मध्ये, नळी डोळ्याला लावून भिंतीवरचं घड्याळ पाहत.

"ताईला काय सांगू?" तो म्हणाला. "पोरगी माझ्या भरवशावर टाकून गेली होती."

"बटणं तुम्ही दिलीत, पण पाठ मी फिरवली. तीन वर्षांच्या नोकरीत एकदाही फिरवली नव्हती." तिचा आवाज चिरकला. "आता कुणी मला घरात घेऊ नये हेच बरं. उद्यापासून पिशवी बंद."

"तसं नका बोलू."

"मग कसं बोलू?"

त्यानं पिटुकलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला काही झालेलं नसू दे. तेवढं एक कळलं ना... की मी एक गोष्ट बोलणार आहे तुमच्याशी. तीन आठवडे गिळतोय."

"आता गिळण्याचं नाव काढू नका," ती म्हणाली. इतक्या घोरातही दोघांना किंचित हसू आलं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाकडे धरला होता. "पोटात काहीही नाही. बिस्किटं खाल्लीत भरपूर, एवढंच. घरी जा आणि पलंगाखाली शोधा."

बाईंनी डोळे मिटले. तीन आठवड्यांपूर्वी जी मुलगी तिच्यासाठी यादीत नव्यानं आलेलं नुसतं एक नाव होती, तिला पोटाशी धरून ती त्या बाकावर बसल्या बसल्या रडली. तो भिंतीला टेकून उभा होता. पिटुकलीनं दोघांना आळीपाळीनं नळीतून पाहून घेतलं.

"चला राणी, कोट." बाईंनी नाक पुसलं आणि पिटुकलीभोवती आपला कोट लपेटून बटणं लावायला घेतली. वरचं लावलं. दुसरं नव्हतंच, हिवाळ्याच्या सुरुवातीलाच कुठेतरी पडलं होतं, म्हणून सवयीनं हात तिसऱ्याकडे गेला आणि थांबला.

दुसरं बटण जागेवर होतं. पितळी. नवं कोरं.

तिनं ते अंगठ्यानं चाचपून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "हे कुणाकडून शिवून घेतलं मी?"

त्यानं वाकून पाहिलं. टाका पाहिला. आपला टाका तो ओळखणार नाही तर कोण? तो मटकन बाकावर बसला.

"फोन चालू होता..." तो म्हणाला. "ताई शनिवारचं सांगत होती. मी खुंटीपाशी उभा होतो. सुई... देवा रे."

"आणि बटणं खिशातच होती?"

"ती पट्टी तुमच्या कोटासाठीच आणली होती मी. आठवडा झाला. तुमच्या गळ्यात वारा शिरतो, तुम्ही एका हातानं कोट धरून जिना उतरता, ते बघवत नव्हतं. पण विचारू कसं? म्हटलं, बाई म्हणतील हा कोण लागून गेला. मग शनिवारचं ऐकलं, वाटलं आता विचारून तरी काय उपयोग, म्हणून पट्टी बाहुल्याला देऊन टाकली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्याआधीच हातांनी काम उरकलंय हे डोक्याला कुठं ठाऊक? डोक्यात एकच होतं. तुम्ही यायच्या बंद होणार."

"हीच ती गोष्ट?"

"हीच. तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून. तेव्हाच म्हणालो असतो, पण तोंडात टाचण्या होत्या."

बाई हसली. रडून झालेल्या डोळ्यांनी, नाक लाल झालेलं असताना, त्याच्या भल्यामोठ्या कोटात बुडालेली ती हसतच सुटली. 

"मी पाठ का फिरवली विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"का?"

"मीही शनिवारचं ऐकलं होतं."

हात रिकामे होते, शिवायला काही नव्हतं, म्हणून त्यांचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं विचारलं, "मघाशी तुम्ही मला मामा म्हणाला नाहीत. अहो म्हणालात."

"घाईत होते."

"आता घाई नाहीये."

"अहो," ती म्हणाली, "हे बटण पक्कं शिवलंय ना?"

"ओढून बघा. कोट फाटेल, ते निघायचं नाही."

"मग राहू द्या."

बाहेर ऊन पडलं होतं, थंडीतलं, पिवळं आणि पातळ. पिटुकलीला त्यानं खांद्यावर घेतलं. कोट कुणी बदलले नाहीत. दोघं चालत कोपऱ्यापर्यंत आले.

"शनिवारी ताई येईल, सोमवारी माझा वर्ग सुरू होईल," बाई म्हणाली. "मधे रविवार येतो."

"येतो खरा."

"रविवारी मी येईन. पिशवी न घेता." ती थांबली. "बाळ बघायला म्हणून नाही, तुम्हाला भेटायला. चालेल ना?"

तो तोंड उघडणार एवढ्यात वरून, नळीतून, पिटुकलीनं उत्तर दिलं.

"हो."

आणि या खेपेला तिच्या 'हो'ची कुणी उलटतपासणी केली नाही.