जड्डीतला गुडघा

पाती चालू ठेवा रे, गोष्टीच्या नादात हात थांबवू नका. एवढी सुपारी आज सोलून व्हायलाच हवी, सकाळी उकळायला हंडा चढवायचाय. आणि नागवेणी, तू मघाशी काय म्हणालीस? जड्डीत, त्या रानातल्या दलदलीत, चिखल आणि जळवांशिवाय काही नसतं? बरं. मग ऐक.

ही कोणाच्या पणजोबांच्या वेळची गोष्ट नाही. गेल्या वर्षीची, कार्तिक वद्य त्रयोदशी, बुधवारची रात्र. माणूसही परका नाही. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, सुब्राय. मी त्याचा दोड्डप्पा, थोरला काका.

"म्हणजे सिद्दापूरचा सुब्रायण्णा? कॉलेजात झाडं शिकवतो तो?"

तोच. त्याचं घर पाहिलंय ना? गादी उचलली की खाली वर्तमानपत्रं, आणि प्रत्येक घडीत एकेक फांदी दाबलेली. आमची शरावती, त्याची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लोकांच्या घरी पापड वाळतात, आमच्याकडे पाला. माझ्या माहेरची इस्त्री यांनी पानांवर फिरवून फिरवून संपवली." तो नुसता हसायचा. वाटेत झाड दिसलं की थांबायचं, पान चुरगळून हुंगायचं, चीक जिभेला लावायचा आणि मग नाव सांगायचं. जिभेला लावण्याची खोड फार वाईट. मी दहादा बोललो असेन. "दोड्डप्पा, जीभ खोटं बोलत नाही," म्हणायचा.

तर त्याला कॉलेजच्या प्रदर्शनासाठी जड्डीतल्या झाडाचं मूळ हवं होतं. पान दाबून वाळवता येतं, मूळ कसं दाबणार? ते फॉर्मेलिन नावाच्या औषधात बुडवून बरणीत ठेवावं लागतं. म्हणून बुधवारी दुपारी करवत घेऊन, स्कूटरवर बसून हा एकटाच गेला.

आपल्या जड्डीतली रामपत्रीच्या, रानजायफळाच्या जातीची झाडं तुम्हाला ठाऊक आहेत. मुळांना चिखलात श्वास मिळत नाही, म्हणून ती वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात. बघावं तिकडे गुडघेच गुडघे. शेकडो माणसं चिखलात उताणी बुडवलीत आणि नुसते गुडघे वर राहिलेत, असं दिसतं. सुब्रायने त्यातला एक निवडला. चांगला गोल, वाटीसकट. करवत लावली. तांबडा चीक वाहू लागला. त्यात नवल नाही, त्या झाडांना नख लागलं तरी तांबडा चीक येतो. पण अर्ध्यावर गेल्यावर करवत करकरेना. लाकडात फिरते तसा आवाजच नाही. फणसाच्या गऱ्यात सुरी शिरावी तशी सरकत गेली.

याने काय करावं? बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट लागलं.

"शी! दोड्डप्पा!"

मी नाही लावलं, त्याने लावलं. थुंकला, चूळ भरली, पुन्हा थुंकला. पण मूळ सोडलं नाही. झाडाला खुणेची नारिंगी फीत बांधली, तुकडा गोणपाटात गुंडाळला आणि दिवेलागणीला घरी.

न्हाणीघरात बादलीत फॉर्मेलिन ओतून त्याने तो तुकडा बुडवला. शरावती दारातूनच म्हणाली, "मी आंघोळ करते तिथे हे काय आणून ठेवलंत?"

"अगं, एका रात्रीचा प्रश्न आहे. मूळ आहे, तुला चावणार नाही."

"मुळाला मांड्यांवर असतात तसे केस कुठे असतात?"

"तंतू आहेत ते," हा म्हणाला.

जेवायला ब्राह्मीची तंबुळी होती, ताकात वाटून केलेली, त्याची आवडती. भात कालवला आणि घास तोंडापाशी नेला, तेवढ्यात वास आला. फॉर्मेलिनचा वास नाकाला झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो. हा तसला नव्हता. गोडसर होता. चिघळलेल्या जखमेवरची पट्टी आठ दिवसांनी सोडल्यावर येतो ना, तसा.

"उंदीर मेलाय कुठेतरी," शरावती पदराने नाक दाबून म्हणाली.

सुब्राय न्हाणीघरात गेला. दिवा चालूच होता. बादलीतलं पाणी दाट झालं होतं, वर साय धरली होती. त्याने साल धरून तुकडा उचलला, तर साल हातात आली. उकडलेल्या रताळ्याची यावी तशी, अख्खी सुटून. खाली पांढरं. ओलं. आणि त्या पांढऱ्यात वळवळ.

अळ्या होत्या. तांदळाच्या दाण्यांएवढ्या.

आता नीट ऐका. फॉर्मेलिनमध्ये काही जगत नाही. बेडूक टाकला तर पाय झाडायच्या आत मरतो. आणि या अळ्या त्यात पोहत होत्या. मजेत. एक त्याच्या मनगटावर चढली.

तो तिथेच ओकला. पोटात काही राहिलं नाही तरी ओकत राहिला. जिभेवर पुन्हा ती खारट चव आली होती. शरावती पाणी घेऊन धावली. "उद्या पहाटेच नेऊन टाका ते," म्हणाली. तो मान हलवत होता. नुसती हलवत होता.

दोघं झोपली. म्हणजे आडवी झाली.

मध्यरात्र उलटून गेली असेल. मागच्या अंगणात आवाज आला. थप्. मग काहीतरी फरफटल्याचा. थप्. पुन्हा फरफट.

शरावती कुजबुजली, "गाय सुटली का?"

सुब्रायने कान दिला. गाईला चार पाय असतात. हा आवाज एका पायाचा होता.

थप्...

न्हाणीघराचं दार करकरलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग बादलीच्या कडीचा खण्‌ असा आवाज. दोघं उठली. एकमेकांना धरून मागच्या पडवीत आली. न्हाणीघराचा दिवा अजून जळत होता.

कपडे धुण्याच्या दगडावर कोणीतरी बसलं होतं.

चिखलाचं होतं की चिखलाने माखलेलं, कळत नव्हतं. अंगभर जळवा. फुगलेल्या. एक पाय दुमडलेला. दुसरा मांडीशीच संपलेला. तिथून तांबडं... थेंब... थेंब... मोरीत.

त्याने मान वळवली. चेहरा होता का? शरावतीला मी विचारलं. ती म्हणाली, "दोड्डप्पा, ते विचारू नका."

त्याने बादलीकडे पाहिलंच नाही. हात पुढे केला. लांब हात. सुब्रायच्या गुडघ्यावर ठेवला. उजव्या. आणि चाचपू लागला. बाजारात आपण पडवळ चाचपतो तसं. बोटं वाटीभोवती फिरली. दाबून पाहिलं. वीत लावली. एक वीत वर. एक वीत खाली...

माप घेत होता.

बोटं पुन्हा वाटीखाली गेली. या खेपेला नखं होती.

तेव्हा आमची शरावती पुढे झाली. एरवी पाल दिसली तर पाटावर चढणारी पोर. तिने बादलीत कोपरापर्यंत हात घातला. अळ्या, सगळं तसंच... उचललं. त्याच्यापुढे धरलं.

"हा घ्या. तुमचा हा आहे. त्यांचा सोडा."

तो थांबला.

किती वेळ... कोण जाणे. तिच्या कोपरावरून ते ओघळत होतं. ती हलली नाही.

मग नखं सुटली. त्याने तिच्या हातातून ते घेतलं. मांडीला टेकवलं. दाबलं. पिकलेलं केळं पायाखाली चिरडावं... तसा आवाज. पुन्हा दाबलं. आणि उभा राहिला.

थप्. थप्. थप्. थप्.

दोन पायांनी गेला.

"मग?"

मग काय. पहाटे मला फोन आला, मी जीप घेऊन गेलो. सुब्राय मोरीपाशी बसून काथ्याने गुडघा घासत होता. कातडी निघाली तरी घासत होता. बादली मी या डोळ्यांनी पाहिली. फॉर्मेलिन काचेसारखं स्वच्छ. तळाशी चार-दोन अळ्या, जिवंत.

तो म्हणाला, "दोड्डप्पा, मला बघायचंय." शरावती नको नको म्हणत होती, पण बघितल्याशिवाय तो घासायचा थांबला नसता. मी त्याला जड्डीत नेलं.

नारिंगी फीत झाडाला तशीच होती. खाली सगळे गुडघे जागच्या जागी. कापलेला एकही नाही. आम्ही एकेक पाहत गेलो, आणि तो दिसला. बुंध्याजवळचा. त्याच्याभोवती पट्टी बांधलेली. जुनं पांढरं फडकं, घट्ट गुंडाळून गाठ मारलेली. कडेने हळद आणि चुन्याचा लेप बाहेर आलेला. मधून तांबडं पाझरत होतं, आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

मी हात लावला. मूर्खपणा केला, पण लावला.

तापलेला होता. आजूबाजूची मुळं पाण्यासारखी थंडगार, आणि तो तापलेला. मुलाला रात्रभर ताप चढलेला असतो, तसा.

आम्ही मागे न बघता निघालो. सुब्राय अजून शिकवतो, पानं दाबतो, वाळवतो. चीक जिभेला लावत नाही. मूळ कोणतंच कापत नाही. प्रदर्शनात ती बरणी रिकामीच ठेवली होती.

"पण पट्टी कोणी बांधली?"

ते मला काय माहीत रे माणी? त्या बाजूला वस्ती नाही. सुब्रायच्या घरून फडकं गेलं नव्हतं, शरावतीने मोजून पाहिलं.

मागच्या सोमवारी रामपत्री गोळा करणारा कन्ना आला होता, आपल्या पायरीवर बसून ताक प्यायला. मी सहज विचारल्यासारखं केलं... नारिंगी फितीच्या झाडाकडे गेला होतास का रे? म्हणाला, गेलो होतो की अय्या. वर मलाच विचारतो, मुळाला पट्टी कोणी बांधली तिथे?

वर्षभराची जुनी होती का रे, मळकी, मी विचारलं.

नाही, म्हणाला. पांढरीशुभ्र. हळद अजून ओली होती.