तिसरा पुकारा

आईनं पुढ्यातली थाळी हातानं दूर सारली, तेव्हा केझियाच्या काळजात चर्र झालं... आजचा हा तिसरा दिवस! नाचणीचा उंडा तसाच, घेवड्याची आमटी तशीच, वर साय धरून थंड झालेली. "भूक नाही," एवढंच म्हणून एस्तेरी म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली. केझियानं थाळी उचलली, झाकून ठेवली आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा तिच्याजवळ येऊन बसली.

उद्या रविवार. उद्या टेकडीवरच्या चर्चमध्ये तिसरा पुकारा होता.

त्या डोंगराळ मुलखात लग्न काही एका दिवसात लागत नाही. आधी लागोपाठ तीन रविवार पाळकसाहेब भर उपासनेत दोघांची नावं पुकारतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. तीनदा कोणी काही बोललं नाही की मगच तारीख धरायची. केझिया कोमुहांगी, वय सेहेचाळीस, अविवाहित; सिलिव्हानो बितारिहो, वय एक्कावन्न, विधुर, सुतार. पहिल्या पुकाऱ्याला पोरीबाळी तोंडाला रुमाल लावून हसल्या होत्या, दुसऱ्याला नाही हसल्या. आता एकच राहिला होता, आणि केझियाला त्याचीच धास्ती होती, कारण ही पायरी तिनं एकदा चढून पाहिली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी हीच दोन नावं, याच चर्चमध्ये, दोन रविवार पुकारली गेली होती. तिसऱ्या रविवारी त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकांनी बाकीच्या सगळ्या सूचना वाचल्या आणि ही दोन नावं तेवढी गाळली... पुरुषांच्या बाकांवर बितारिहोची जागा रिकामी होती. वीस वर्षांची केझिया त्या दिवशी उपासना संपेपर्यंत मान खाली घालून बसली, आणि नंतर कितीतरी महिने रस्त्याकडे डोळे लावून बसली. त्यानं आपल्याला टाकलं, असंच ती धरून चालली.

खरं काय ते तिला कळलं गेल्या वर्षी. बितारिहो फोर्ट पोर्टलकडच्या चहामळ्यांतून बायकोला माती देऊन परत आला होता, डोकं पांढरं झालेलं. तिच्या बटाट्याच्या वाफ्याशी उभा राहून त्यानं विचारलं, "तुझ्या त्या नवऱ्याचं काय झालं?"

"कुठला नवरा?" केझिया म्हणाली.

तेव्हा उलगडलं. त्या शनिवारी कोणीतरी पाळकांच्या दारात जाऊन सांगितलं होतं की या मुलीचा शब्द दुसरीकडे दिलेला आहे, नवऱ्याकडून देजाच्या गाईसुद्धा येऊन पोचल्यात. पाळकांनी ते बितारिहोच्या कानावर घातलं आणि या तापट गड्यानं कोणाला एका शब्दानं न विचारता गाठोडं बांधलं. सांगणारा कोण, ते नाव म्हातारे पाळक आपल्याबरोबर मातीत घेऊन गेले होते.

म्हणजे तो माणूस अजून त्याच मंडळीत बसत असेल... उद्याही बसणार असेल!

केझियाचा संशय होता जेनिनाकाकूंवर. जेनिनाकाकू म्हणजे जुन्या उपदेशकाच्या विधवा. त्या काळी त्यांची मुलगी लग्नाची होती आणि बितारिहोवर त्यांचा डोळा होता हे सगळ्या टेकडीला ठाऊक होतं. वर्षभर केझियानं त्यांच्याशी धड हात मिळवला नव्हता. पुकारे सुरू झाल्यावर मात्र तिचा धीर सुटला आणि ती दर दोन दिवसांनी जोंधळ्याच्या आंबिलीचं मडकं घेऊन त्यांच्या दारात जाऊ लागली. आंबील चांगली गोड करून न्यायची, दोन शब्द बोलायची, आणि परत येताना स्वतःचीच लाज वाटून वाटेत थांबायची.

या सगळ्या वर्षांत तिला तगवलं ते आईच्या एका वाक्यानं. "देवाची वेळ अजून आली नाही, पोरी. परमेश्वराला घाई नसते." वडील गेलेले, पाठची तीन भावंडं, आणि मोठी म्हणून ही एकटी. एरिफाझीला तिनं शिकवलं, तो आता म्बाराराला हेडमास्तर होता. दोघी बहिणींची लग्नं तिनं लावली, दोन्ही वेळा उसन्या पोशाखात हसतमुखानं पाहुण्यांना पाणी दिलं, आणि परत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की आई तेच म्हणायची. पेरणीचा हंगाम जायचा, कापणीचा जायचा, धुक्याचे महिने यायचे आणि सरायचे, केझिया त्या वाक्याला धरून राहायची. भिंतीला टेकावं तशी ती त्याला टेकली होती.

आणि आता वेळ आली, तर आईच अन्नाला शिवेना.

का, ते केझियाला कळत होतं, निदान तिला तसं वाटत होतं. जावयाच्या छपराखाली सासू राहत नाही, ती रीतच नाही. एरिफाझी रोज फोनवर सांगत होता, आईला मी घेऊन जातो, आणि आई म्हणत होती, मी ही टेकडी उतरणार नाही. म्हणजे म्हातारपणी एकटीनं चूल पेटवायची भीती... तीच तिला आतून खात होती. आपल्या सुखापायी आई उपाशी मरायची हा विचार केझियाला सहन होईना. दुपारी ती उठली आणि थेट बितारिहोच्या ओसरीवर गेली.

तो नव्या घरासाठी दार रंधत होता. केझियानं मान वर न करता सांगितलं की उद्या नावं पुकारू नयेत असं पाळकसाहेबांना सांगा, हा हंगाम जाऊ द्या, आईचं काही ठीक होऊ द्या. बितारिहोचा रंधा थांबला. त्यानं लाकडावरचा भुसा बोटानं झाडला.

"मागच्या वेळी मी न विचारता निघून गेलो," तो म्हणाला. "ती चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. उद्या मी बाकावर बसणार, दार बंद होईपर्यंत बसणार. पाळकसाहेबांना सांगायचं असेल तर तू सांग. माझ्या तोंडातून ते निघायचं नाही."

ती तशीच पाळकसाहेबांच्या घरी गेली, तर ते पलीकडच्या टेकडीवर कोणाला तरी माती द्यायला गेलेले. उद्या उपासनेआधी गाठू, असं ठरवून ती घरी आली. प्रभू, ही तुझी वेळ असेल तर मला इतकी भीती का वाटते, एवढंच तिनं गुडघे टेकून विचारलं.

सकाळी चर्चचा ढोल वाजायच्या आधीच आई उठून बसली होती. अंगावर ठेवणीतला पोशाख, डोक्याला पांढरा रुमाल. "मला पहिल्या बाकावर बसव," ती म्हणाली. केझिया चपापली, कारण आई नेहमी खांबाजवळ बसायची. चढण अर्ध्या तासाची. तीन दिवसांची उपाशी म्हातारी दर वीस पावलांवर थांबत होती. दोघी पोचल्या तेव्हा पहिलं गीत संपत आलं होतं आणि पाळकसाहेब वेदीशी उभे होते. आता त्यांच्या कानाशी लागायला सवड नव्हती.

एस्तेरी म्हातारी म्हणजे त्या मंडळीतली मानाची बाई. तारण पावलेल्यांची दर गुरुवारी बैठक भरायची. तिथं ज्यानं त्यानं उभं राहून आपल्या चुका सगळ्यांसमोर बोलून टाकायच्या. एस्तेरी तर शेजारणीची कोंबडी हुसकावताना मनात आलेली शिवीसुद्धा सोडायची नाही. बोलून झालं की ज्याच्या बाबतीत अपराध घडला त्यानं स्तुतिगीताची पहिली ओळ उचलायची, मग सगळ्यांनी साथ द्यायची... ती झाली क्षमा. कोंबडीवाली शेजारीणसुद्धा गायली होती.

पाळकसाहेबांनी कागद उघडला. नावं वाचली. "...हा तिसरा आणि शेवटचा पुकारा. या लग्नाला कोणाची हरकत असेल तर..."

केझियाचे डोळे जेनिनाकाकूंवर खिळले होते. काकू आपल्या जागी शांत बसून होत्या. आणि मग तिच्या अगदी जवळ, तिच्याच बाकावर, काठी जमिनीवर आपटली.

आई उभी राहिली होती.

सगळ्या चर्चमधून कुजबुज गेली. केझियानं आईच्या पोशाखाचं टोक पकडलं. म्हणजे आजही हरकत... आणि तीही आईचीच!

"पाळकसाहेब, मला बोलायचंय," एस्तेरी म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "हरकत आजची नाही. सव्वीस वर्षांपूर्वीची आहे. त्या शनिवारी जुन्या पाळकांच्या दारात मी गेले होते. पोरीचा शब्द दुसरीकडे दिलाय, असं मी सांगितलं. खोटं सांगितलं. आईच सांगतेय म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलंच नाही."

केझियाला शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. मग लागला. "का, आई?" तिच्या तोंडून निघालं, कोणाला ऐकू जाईल न जाईल इतकं हळू.

म्हातारी तिच्याकडे वळली. "तुझ्या बापाला जाऊन सहा महिने झाले होते. तीन लेकरं पायात. जोंधळा कापणीला आलेला, आणि मला अंथरुणातून उठवत नव्हतं. म्हटलं, एवढा एक हंगाम. जोंधळा घरात येऊ दे, मग मीच जाऊन खरं सांगेन. मग बटाटे आले. मग एरिफाझीची शाळा आली. आणि तो तर निघूनच गेला होता. आज तू आहेस ना, तेवढीच होते मी तेव्हा... फार घाबरले होते गं." तिनं श्वास घेतला. "आणि वर तुला म्हणत राहिले, देवाची वेळ आली नाही. ती देवाची वेळ नव्हती, पोरी. माझी होती. देवाच्या नावावर खपवली मी. घरात सांगितलं असतं तर तू दार लावून मला माफ केलं असतंस, मला ठाऊक आहे. पण खोटं चर्चच्या दारात बोलले होते, खरंही इथंच बोलायला हवं होतं."

रीतीप्रमाणे आता गीत उचलायचं होतं, आणि ते उचलायचा हक्क एकटीचा होता. साऱ्या मंडळीचे डोळे केझियावर आले.

न लाभलेला संसार, पोटी न आलेली लेकरं, त्या उसन्या पोशाखातल्या दोन दुपारी, सगळं एकदम तिच्या छातीवर चढून बसलं. ज्या वाक्याला टेकून ती उभी होती तेच पोकळ निघालं होतं! कोंबडीची शिवी सांगितलीस, आई, आणि हे जिभेखाली ठेवलंस... संताप असा उसळला की तिला वाटलं, उठावं आणि दाराबाहेर चालू लागावं. म्हातारी काठीला धरून तशीच उभी होती, बसत नव्हती.

केझियानं नजर वळवली, तर समोर जेनिनाकाकू. काकू रुमालानं डोळे पुसत होत्या. या बाईनं काहीच केलं नव्हतं. वर्षभर आपण तिला मनातल्या मनात जाळत होतो, आणि भीतीपोटी तिला गोड आंबील पाजत होतो...

केझिया उभी राहिली. "जेनिनाकाकू," ती म्हणाली, "ते तुम्ही केलंत असं मी वर्षभर धरून चालले होते. मला माफ करा."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, नाक शिंकरलं. "तरीच म्हटलं, आंबील घरपोच का येतेय." आणि कोणाला हसू फुटायच्या आत, क्षणाचाही विचार न करता, त्यांनी आपल्या घोगऱ्या आवाजात स्तुतिगीताची पहिली ओळ उचलली. एक ओळ म्हटली आणि थांबल्या. पुढची त्यांची नव्हती, केझियाची होती.

किती सहज दिलं त्यांनी, केझियाच्या मनात आलं. आपल्याला तेवढं सहज जमायचं नाही. पण आई अजून काठीला धरून उभीच होती. केझिया तिच्याजवळ गेली, तिच्या काखेत हात घातला.

"बस आता, आई. तीन दिवस पोटात काही नाही तुझ्या."

आईला बसवता बसवता तिच्या गळ्यातून दुसरी ओळ निघाली. इतक्या वरच्या पट्टीत निघाली की गायकमंडळींना ती गाठताना धाप लागली, पण सगळे गायले, ढोल आला, टाळ्या आल्या. केझिया गात होती आणि रडत होती. राग गेला नव्हता, तो पुढे कितीतरी दिवस अधूनमधून वर येणार होता. तरी माणसानं अडवून धरलेली वेळसुद्धा परमेश्वराच्या हातातून निसटत नाही, असं काहीतरी त्या क्षणी तिला आत कुठंतरी कळलं. नीट शब्दांत ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. म्हातारी गात नव्हती. "एरिफाझीला फोन कर," ती तिच्या कानाशी म्हणत होती, "येते म्हणावं मी त्याच्याकडे."

गीत संपलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला आणि प्रवचनासाठी बायबल उघडायला घेतलं. तेवढ्यात पुरुषांच्या बाकांवरून बितारिहो उभा राहिला.

"पाळकसाहेब," तो खाकरून म्हणाला, "आमचा पुकारा अर्धाच राहिलाय."

तेव्हा मात्र सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांनी कागद शोधला, सरळ केला आणि पहिल्यापासून वाचला. केझिया कोमुहांगी. सिलिव्हानो बितारिहो. या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

ते थांबले, नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले. बाहेर उतारावर कोणाची तरी शेळी ओरडली. आईनं केझियाचा हात दोन्ही हातांत धरला होता. कोणी काही बोललं नाही.