अप्पा झोपलेत

फोन वाजला तेव्हा अप्पांना नुकतंच खाली घेतलं होतं.

केलगेरीच्या त्या लहानशा घरात, बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर दर्भ पसरून विठ्ठलरावांना निजवलेलं होतं. उशाशी दिवा लावला होता. हुबळीहून त्यांचे धाकटे भाऊ श्रीकांतकाका आले होते, गल्लीतली चार माणसं भिंतीला टेकून हलक्या आवाजात लाकडांचं आणि गाडीचं बोलत होती. कुसुम वडिलांच्या पायाशी बसली होती. पहाटे अप्पांच्या घशातली घरघर थांबल्यापासून ती रडली नव्हती, तिला रडायला सवडच झाली नव्हती. रविवार होता. रविवारी सकाळी जपानहून श्रीनिधीचा फोन येतो, हे फोन वाजेपर्यंत तिच्याही ध्यानात नव्हतं.

शेजारच्या कमळाबाई उठल्या, तशी कुसुम म्हणाली, "नको, मी घेते."

"अक्का, किती वेळ लावलास? बागेत होतीस काय?"

"हं... आत होते."

"अप्पांना दे की जरा."

कुसुमनं मागं वळून पाहिलं. अप्पांची हनुवटी पांढऱ्या फडक्यानं बांधलेली होती, आणि त्यामुळं पक्षाघातानं वाकडं झालेलं त्यांचं तोंड कितीतरी दिवसांनी सरळ दिसत होतं.

"अप्पा झोपलेत," ती म्हणाली.

भिंतीशी चाललेलं बोलणं थांबलं. श्रीकांतकाकांनी मान वर केली.

"आत्ता? एवढं ऊन वर आल्यावर?"

"रात्री झोप नव्हती त्यांना. तू उद्याचं सांग."

उद्या श्रीनिधीची ओसाकाजवळच्या एका कारखान्यात शेवटची मुलाखत होती. त्याचा आवाज चढला आणि लगेच बारीक झाला. मग म्हणाला, "एकदा ते प्रश्न विचार की, अक्का. मागच्या रविवारसारखं मऊ नको. जरा दरडावून विचार."

मुलाखतीत जे विचारतात ते त्यानं बहिणीला फोनवरच शिकवून ठेवलं होतं. कुसुमला जपानी येत नव्हतं. लहानपणी आईनं शिकवलेली स्तोत्रं जशी अर्थ न कळता पाठ झाली, तसेच ते प्रश्न तिला ऐकून ऐकून पाठ झाले होते. तिनं पदराचा बोळा मुठीत घट्ट धरला आणि त्या भरल्या खोलीत, वडिलांच्या देहाकडं पाठ करून, परक्या भाषेत प्रश्न विचारायला सुरुवात केली. जपानला का आलात? इथं किती वर्षं राहणार? प्रत्येक उत्तरानंतर ती हुंकार देत होती. शेवटचा प्रश्न घरच्या माणसांचा होता.

"गो-काझोकु वा?"

"चिचि तो आने गा इमास," तिकडून न अडखळता उत्तर आलं. वडील आहेत आणि मोठी बहीण आहे.

कुसुमनं डोळे मिटले. "चांगलं म्हणालास," ती म्हणाली. "आज लवकर नीज. काही बाहेरचं खाऊ नको."

"अप्पांना सांग हं, उद्याचं."

"सांगते."

फोन ठेवून ती वळली. मग श्रीकांतकाका उठले. ते हुबळीत देशपांडे नगरला राहणारे, कोर्टातून निवृत्त झालेले, कधी कुणाशी वाकड्यात न शिरलेले गृहस्थ. ते पुतणीसमोर येऊन उभे राहिले.

"कुसुम, तू पोराला सांगितलं नाहीस."

"नाही."

"बापाच्या उशाशी उभी राहून खोटं बोललीस."

"सांगितलं असतं तर तो आज विमानात बसला असता, काका."

"बसू दे की! तेच त्याचं काम आहे. बर्फ आणू, एक दिवस थांबू."

ह्यावर कुसुम काय सांगणार होती? दोन वर्षांमागं श्रीनिधी गेला तेव्हा त्याच्या हातात इंजिनियरची पदवी होती आणि काम कुठंच नव्हतं. हुबळीतल्या एका शिकवणीत तो चार महिने जपानी शिकला आणि ओसाकातल्या एका भाषाशाळेत त्याला प्रवेश मिळाला. सकाळी शाळा, संध्याकाळी हॉटेलात भांडी घासणं. तिकडं नोकरी हवी तर भाषा यायला हवी, भाषा शिकायची तर पोटासाठी काम करायला हवं, आणि काम करून अंग मोडून आलं की भाषा डोक्यात शिरत नाही... असं ते चक्र होतं. किती कंपन्यांनी नाही म्हटलं त्याला गणती नव्हती. एकानं तर तोंडावर सांगितलं होतं, आम्हाला जपानी बोलणारा हवा, जपानी शिकणारा नको. मार्चअखेर शाळा संपणार होती आणि शाळेबरोबर तिथं राहण्याची परवानगीही. उद्याची मुलाखत हुकली तर पुन्हा बोलावणारं कुणी उरलं नव्हतं.

"दिवाळीत अप्पांच्या अंगावरून वारा गेला तेव्हा तो बॅग भरून निघाला होता," कुसुम म्हणाली. "अप्पांनीच फोनवर नको म्हटलं. त्यांना धड बोलता येत नव्हतं, तरी तेवढं म्हटलं."

"तेव्हा अण्णा जिवंत होता," काका म्हणाले. थोरल्या भावाला ते अण्णाच म्हणत. "आता त्याच्या वतीनं नको म्हणणारी तू कोण?"

कुसुमनं उशाच्या दिव्यात तेल घातलं.

"मुलगा जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि त्याला न कळवता मी अण्णाला अग्नी देणार नाही. माझ्या हातून ते होणार नाही, पोरी."

"मग मी देते," कुसुम म्हणाली.

तिनं दिला. स्मशानात बायका येत नसत, आणि ती मडकं घेऊन चालली तेव्हा गल्लीतल्या बायका दारं लोटून फटीतून पाहत राहिल्या. भटजींनी मंत्र घाईघाईनं उरकले. श्रीकांतकाका लांब, झाडाखाली पाठ करून उभे होते. ज्वाळा वर चढली तेव्हा कुसुमच्या मनात एकच आलं, की ओसाकात आता दुपार होऊन गेली असेल, पोरानं जेवून घेतलं असेल ना...

श्रीनिधीला नोकरी मिळाली. त्याचा नंबर काकांकडं नव्हता, आणि कुसुमनं तो कुणाला दिला नाही. परवानगीचे कागद बदलून यायला दोन महिने गेले, आणि तोवर दर रविवारी कुसुम त्याला काहीतरी सांगत राहिली. अप्पांना मालीश करायला माणूस आलाय. अप्पांना डॉक्टरांकडं नेलंय. अप्पांना आज बोलवत नाही, पण ऐकतायत, तू बोल... आणि तो बोलत राही, आणि ती फोन कानाला लावून रिकाम्या कॉटकडं बघत राही. एप्रिलमधल्या एका रविवारी त्यानं आनंदानं सांगितलं की पासपोर्टवर शिक्का बसला, आता उठव अप्पांना, झोपले असले तरी उठव. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. दिवस सांगितला, वेळही सांगितली.

"तेव्हा मी प्रश्न विचार म्हणालो," श्रीनिधी म्हणाला. "आणि तू विचारलेस."

"हो."

"अप्पा तिथंच होते."

"हो."

"माझा हक्क होता तो, अक्का. तू मला आयुष्य दिलंस असं तुला वाटत असेल. तू माझे वडील चोरलेस."

फोन बंद झाला, तो पुढं चार वर्षं त्या घरात त्याचा म्हणून वाजला नाही. तो देशपांडे नगरला काकांना फोन करी, हे कुसुमला इकडून तिकडून कळे. वेंकटेश नावाच्या एका बिजवर प्राध्यापकांचं स्थळ तिच्यासाठी चाललं होतं, तेही हळूच थंडावलं. जिनं बापाला स्वतःच्या हातानं जाळलं तिला घरात कोण आणणार, असं त्यांची आई म्हणाली म्हणे. सणासमारंभाला काकांकडचं बोलावणं येईनासं झालं. कुसुम शाळेत जाई, मुलींना मराठी शिकवी, घरी येऊन तळ्याच्या बाजूला फिरून येई. तिला पश्चात्ताप होता का, असं तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. काही दिवस वाटे, पुन्हा तो रविवार आला तर आपण तेच करू. काही दिवस वाटे, भावाला निदान विचारायला तरी हवं होतं.

दोन हजार सातच्या माघात, अप्पांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी, कमळाबाई सांगत आल्या की जपानचा मुलगा हुबळीला आलाय, ह्या वर्षी श्राद्ध तो करणार आहे. कुसुमनं बरं म्हटलं आणि भात कुकरला लावला. दुपारी फाटक वाजलं.

श्रीनिधी दारात उभा होता. कानशिलावर केस पिकले होते. बूट काढताना त्यानं ते वळवून नीट ओळीत ठेवले, तिकडच्या सवयीनं, आणि मग बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"जेवलास?" कुसुमनं विचारलं.

"नाही."

तिनं पान वाढलं. भात, आमटी, शेंगदाण्याची चटणी. तो खाली मान घालून जेवला. हात धुऊन आल्यावर त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि ते तो आपल्यासाठीच सांगतोय असं कुसुमला वाटलं.

त्याच्याच भाषाशाळेत गौतमी नावाची मुलगी होती. हुबळीची, आपल्यासारखी मराठी बोलणारी, वडील रेल्वेच्या कारखान्यात. शाळेतल्या बाईंनी सांगितल्यावरून श्रीनिधी शनिवारी तिथं जाऊन नव्या मुलांची मुलाखतीची तयारी करून घेई, तशी तिचीही घेई. पोरगी जिद्दीची होती. तिला एका इस्पितळात काम मिळायच्या बेतात होतं, आणि त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा श्रीनिधीला फोन आला. मल्लाप्पा त्यांचं नाव. तिची आई अत्यवस्थ आहे, पण पोरीला सांगू नका, तिची मुलाखत होऊ द्या, तिच्या आईचंच तसं म्हणणं आहे...

"मी काय केलं असेल?" श्रीनिधी म्हणाला.

"सांगितलंस."

"फोन ठेवल्या ठेवल्या सांगितलं. एक क्षण विचार केला नाही. मला वाटलं, माझ्यावर जे झालं ते मी दुसऱ्यावर होऊ देणार नाही. तिला विमानतळावर मीच सोडलं."

"आई भेटली तिला?"

"भेटली. चार दिवस होती म्हणे." तो थांबला. "अक्का, तिला बघून तिच्या आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तू का आलीस, एवढंच म्हणाली. चार दिवस तिनं लेकीशी बोलणं टाकलं, आणि तशीच गेली."

बाहेर कुणीतरी भाजीची गाडी ओढत गेलं.

"गौतमीची शाळा संपली, परत जाता आलं नाही. आता हुबळीतच, कमरीपेठेत एका दुकानात बसते. काल मी गेलो होतो तिच्याकडं. विचारलं, मी चुकलो काय? ती म्हणाली, ठाऊक नाही, दादा. आईचा हात धरायला मिळाला, आणि तो तिनं सोडवून घेतला. दोन्ही माझंच आहे." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "चार वर्षं मला वाटत होतं, सांगणं बरोबर आणि लपवणं चूक. एवढं सोपं आहे ते. तू सोपी गोष्टसुद्धा केली नाहीस, म्हणून मी तुझ्यावर रागावलो होतो."

कुसुमनं त्याचं पान उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मीसुद्धा बरोबर होते असं म्हणत नाही, निधी. मी तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू आला असतास, म्हणून विचारलं नाही. ते माझं आहे. ते तुला माफ करता आलं नाही तर राहू दे."

"मी आलो असतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"आलो असतो, नोकरी गेली असती, आणि मग आयुष्यभर त्याचा राग अप्पांवर काढला असता." त्याचा आवाज फुटला. "कसे गेले, अक्का? मला कुणी सांगितलंच नाही. मी विचारलंच नाही."

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. तिनं सांगितलं. आदल्या दिवशी पेज कशी घेतली, पहाटे हात कसा गार पडत गेला, शेवटी अप्पांची नजर दाराकडं होती की खिडकीकडं ते तिला नीटसं सांगता येत नव्हतं... सांगता सांगता ती थांबली. मागं राहिलेलं ते रडणं त्या दुपारी आलं. श्रीनिधी उठून तिच्याजवळ जाऊन बसला. दोघं एकमेकांचे हात धरून बसून राहिले, आणि बऱ्याच वेळानं कुसुमनं उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी श्रीनिधी तिला घेऊन हुबळीला गेला. देशपांडे नगरच्या घरात भटजी येऊन बसले होते, काकू स्वयंपाकघरात वड्यांचं बघत होत्या. श्रीकांतकाका दारात आले. आता त्यांच्या हातात काठी होती. पुतणीला पाहून ते दारातून बाजूला झाले.

भटजींनी श्रीनिधीला पाटावर बसायला सांगितलं.

"अक्का माझ्याबरोबर बसेल," श्रीनिधी म्हणाला. "अप्पांना अग्नी तिनं दिलाय. पहिलं पाणी तिच्या हातून पडू दे."

भटजींनी काकांकडं पाहिलं. मुलगा हजर असताना बाईनं तर्पण करायचं, असं त्यांनी कधी करवलं नव्हतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. स्वयंपाकघरातला आवाज थांबला. कुसुम मागं सरकली. "राहू दे, निधी," ती हळूच म्हणाली, "मी बसते इथं, भिंतीशी."

श्रीकांतकाका काठी टेकत कोपऱ्यात गेले. तिथून त्यांनी स्वतः दुसरा पाट उचलला, आणि तो आणून श्रीनिधीच्या पाटाशेजारी ठेवला.

"बस, पोरी," ते म्हणाले. "मी त्या दिवशी झाडाखाली तुझ्याकडं पाठ करून उभा राहिलो. माझा भाऊ होता तो, मी निदान वळून तरी बघायला हवं होतं."

कुसुम बसली. भटजींनी घसा खाकरून तीळ दिले, पाणी दिलं. पाणी तिच्या ओंजळीत ठरेना. काकांना वाकणं जमत नव्हतं, तरी ते वाकले, त्यांनी तिच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि भटजींच्या आधीच भावाचं नाव उच्चारलं. मग कुसुमनं ते नाव उच्चारलं, आणि तिच्यामागून श्रीनिधीनं.